पडद्यामागून पाहिलेला सिनेमा

मित्रांनो, आज दुपारी आमच्या घरी मी, बायको आणि दोन-तीन मित्र नव्वदच्या दशकातल्या सिनेमांची क्रमवारी लावायला बसलो होतो. पहिल्या नंबरावरून वाद पेटला.

माझी बायको म्हणाली, "माझं मत त्या डावखुऱ्या हिरोच्या पिक्चरला."

एक मित्र हसला. "वहिनी, त्यो तर उजव्या हातानं मारतोय. पिक्चर पाहिला का नुसता ऐकला? तुमचं मत बाद."

"बाद कावून, भाऊजी? नांदूरघाटच्या जत्रंत पडदा मैदानाच्या मधी बांधायचे. तुमी गडी म्होरं, आमी बाया मागं. आमाला समदं उलटंच दिसायचं."

तिचं मत धरलं. पण मी म्हणतो, बाकी सगळी मतं आम्हा गड्यांचीच, तर ती यादीच रद्द करा. पडद्यासमोरच्यांनी ठरवलेली आवड अख्ख्या दशकाची कशी?

तुमच्या घरातल्या बाया कुठल्या बाजूला बसल्या होत्या? विचारलंत कधी?