अमानतीतली विहीर

बार्शीटाकळीच्या सूर्यभान माळ्याला राजकारणातला एकच शब्द ठाऊक होता आणि तो त्याने घट्ट धरून ठेवला होता: अमानत. निजामाने फौजेच्या खर्चापायी वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवले, ते अमानत म्हणून. दिलेले नव्हे, ठेवायला दिलेले. पुढे नव्या तहात वऱ्हाडाबरोबरच सोपवलेले रायचूर आणि नळदुर्ग निजामाला परत मिळाल्याची बातमी आली, तेव्हा सूर्यभान पारावर म्हणाला, "पाहा, आता आपली पाळी."

पाळी आली ती मोजणीची. अमेरिकेतल्या लढाईमुळे कापसाला सोन्याचा भाव होता. लोक धुऱ्याला, शेताच्या बांधाला, टेकवून पेरत होते आणि सरकारी मोजणीदार वावरावावरांत हद्दीचे दगड रोवत होते. ज्याने त्याने धुऱ्यावर उभे राहून आपली हद्द दाखवायची. सूर्यभानच्या आणि शेजारच्या गोवर्धनच्या वावरांच्या मध्ये विहीर होती, सूर्यभानच्या बापाने खोदलेली. तिच्यावरच त्याचा भाजीचा मळा पिके. तरी तो घरातून हलेना.

"कावून बसले? गोवर्धन कवाचा उभा हाये तिथं," बायको मैनाबाई म्हणाली.

"मालक हैदराबादेत बसला हाये. मी रखवालदाराले हद्द दाखवू? उद्या निजाम विचारीन, सूर्यभाननं इंग्रजाले राजा कसं मानलं?"

"निजामाले तुमचं नाव तरी ठाऊक हाये? तिकडं मिरच्या वाळून राहिल्या!"

दिवस मावळायच्या आत दगड रोवला गेला. विहीर गोवर्धनच्या बाजूला गेली.

सूर्यभान तणतणत अकोल्याच्या कचेरीत गेला. अमानतीची सारी हकिकत त्याने सांगितली. कारकुनाने ऐकून घेतली आणि म्हणाला, "तह दोन सरकारांचा आहे, बाबा. त्यात तुझी विहीर नाही. मोजणीच्या वेळी कुठे होतास?"

सूर्यभान तसाच घरी परतला. त्याने हैदराबादेची वाट पाहिली. दोन उन्हाळे गेले, तिकडून काहीच हालचाल नाही. आता त्याला इंग्रजापेक्षा निजामाचाच राग येई. आपलीच वस्तू, आणि मागायला तोंड उघडत नाही!

मोट त्याची, बैल त्याचे, पण पाणी मागून घ्यावे लागे. एकदा तो विहिरीवर आला, तर काठावर बसलेला गोवर्धन हसला.

"घ्या ना सूर्यभानजी, लाजता काहाले? विहीर तुमचीच हाये. माझ्यापाशी अमानत हाये फक्त."

सूर्यभानने हातातला दोर टाकला. चार पावले चालून गेला. मग माना टाकलेल्या मिरच्यांकडे पाहिले, परत आला आणि बैल जुंपू लागला.