पाचव्या दिवसाचा ओला टॉवेल

ईशा, अर्णव, तुम्ही दोघं फोनवर असले अनुभव वाचत बसता असं तुमचे बाबा म्हणाले, म्हणून पत्र न लिहिता मी इथेच लिहिते आहे. इतरांनीही वाचावं, हरकत नाही.

आधीच सांगते, हे असलं काही मी मानत नव्हते. कॉन्व्हेंटमध्ये शिकले, पुढे कॉलेजात इंग्रजी शिकवलं. शेजारणींबरोबर नृसिंहवाडीला जायचे तेही दर्शनापेक्षा बासुंदीसाठी. घरातली वस्तू सापडली नाही तर ती कुणीतरी जागेवर ठेवलेली नाही, एवढंच मला कळतं. पण तुमच्या आजोबांच्या शेवटच्या आठवड्यात जे झालं, त्याला ठेवायला माझ्याकडे जागाच नाही. तुम्हाला आम्ही फोनवर ‘शांतपणे गेले’ असं सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

आजोबा क्रिकेट खेळायचे हे तुम्हाला माहीत आहे. किती चांगले, ते नाही. डाव्या हाताने स्पिन टाकायचे. राज्याकडून खेळले. भल्याभल्यांना त्यांनी आउट केलं... त्यातले काही पुढे देशाकडून टेस्ट खेळले आणि कोल्हापुरात आले की आपल्या घरी जेवून जायचे. आजोबा त्यांना स्वतः वाढायचे. पाहुणे गेल्यावर मात्र बराच वेळ अंगणात उभे राहायचे.

त्या काळी इथे टर्फवर, म्हणजे उघड्या मातीच्या पीचवर नाही, तर वर काथ्याची मॅट अंथरून मॅच व्हायची. एकदा निवड समितीतले एक गृहस्थ खास त्यांचा खेळ बघायला येणार होते. इथल्या पोरांनी काय करावं? आपला माणूस चमकावा म्हणून सकाळीच मॅट ओली केली, तबल्याच्या चामड्यासारखी ताणली आणि चहूबाजूंनी खिळे ठोकले. आजोबांचा चेंडू असा वळला आणि उडाला की समोरची टीम जेवणाच्या सुट्टीआधी संपली. पाहुणे चहा पिऊन म्हणाले, “हे मॅटचं काम आहे. टर्फवर हा मुलगा दिसणारही नाही.”

त्यानंतर बोलावणं आलं नाही.

खिळे ठोकणाऱ्यांत बापू होता. आजोबांच्या टीमचा विकेटकीपर, कागलचा. तो हे कधी लपवायचा नाही. “म्याच ठोकलते की खिळे,” म्हणायचा. “पिरमानं गळा दाबला गड्याचा.” आजोबा हसायचे. पण मॅच बघताना एखादा स्पिनर टर्फवर मार खायला लागला की मला हळूच विचारायचे, “मी टाकला असता का गं इथं?” मी काय सांगणार? मला त्यातलं काय कळतं?

या वर्षी त्यांना झटका आला. डावी बाजू गेली. जीभ जड झाली, शब्द तुटक यायचे, पण भान पूर्ण होतं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, म्हणजे काय ते मी समजले. तुमच्या बाबांना बुधवारी इथे पोहोचवणारं विमान मिळालं. तोवर यांना धरून ठेवायचं, एवढंच मी मनाशी ठरवलं होतं. मी वेळेवर औषधं दिली, कूस बदलली, सूप गाळून भरवलं. बापू रोज सकाळी एसटीने यायचा, उशाशी स्टूल घेऊन बसायचा आणि संध्याकाळी परत जायचा.

गुरुवारी संध्याकाळी मी यांचं अंग पुसत होते. डावा हात उचलला तर अंगठ्याशेजारच्या बोटाची कड लाल. कुंकू लागलं असेल म्हणून पुसलं, निघेना. साबण लावला तेव्हा खालची कातडी सोललेली दिसली. हात सकाळपासून उशीवर होता, जिथे मी ठेवला तिथेच. तो हलूच शकत नव्हता.

शुक्रवारी पुन्हा तेच... जखम जास्त खोल होती आणि बोटांना चामड्याचा वास येत होता. शनिवारी नखांत काळी माती. नखं मी आदल्या दिवशीच कापली होती. डॉक्टर म्हणाले, चादरीला घासलं असेल. माती कुठून आली ते मी विचारलं नाही.

शेवटी मी बापूला तो हात दाखवला. त्याने चष्मा लावला आणि बोट उलटसुलट करून पाहिलं.

“वैनी, ह्ये मॅटवरचं न्हाय.”

“म्हणजे?”

“बॉलच्या शिवणीनं बोट सोललंय. पर मॅटवर बॉलचा रंग लगेच उडतोय, हात तपकिरी व्हतोय. ह्यो लाल टर्फचा. आन् ही माती बघा. घाम आला की बोटं पीचवर घासत्यात. मॅटवर कुठली माती?” मग तो आजोबांच्या कानाशी वाकला. “काय रं, झोपून विकेटी काढतोस व्हय? लाज न्हाय वाटत?”

आजोबांचा उजवा गाल हलला. “वळतोय,” ते म्हणाले.

रविवारी हात स्वच्छ राहिला. दिवसभर काहीच नाही. मला इतकं हायसं वाटलं की मी बापूला आग्रहाने जेवायला बसवलं. तो नीट जेवला नाही.

“खूश हू नगा, वैनी. पयलं टेस्टला मधी एक सुट्टीचा दिवस असायचा. रेस्ट डे.”

मला ते ठाऊक होतं. लग्नानंतर कितीतरी टेस्ट मी रेडिओवर यांच्याबरोबर ऐकल्या होत्या. तीन दिवस खेळ, एक दिवस विश्रांती, मग उरलेले दोन. मी कॅलेंडरकडे पाहिलं. सोमवार चौथा. मंगळवार पाचवा. बुधवारी तुमचे बाबा.

सोमवारी बोट पुन्हा चिरलं. संध्याकाळी यांचा श्वास घरघरायला लागला.

मी बापूला दारापर्यंत सोडायला गेले आणि विचारलं. कॉलेजात शिकवलेल्या बाईने काय विचारावं बघा. म्हटलं, “पाचव्या दिवशी खेळच झाला नाही तर?”

“पाऊस पडला तर मॅच ड्रॉ. कोण जिकत न्हाय, कोण हारत न्हाय.” मग माझ्याकडे बघून तो थांबला. “वैनी... आसं नगा करू.”

“श्री बुधवारी येतोय, बापू.”

तो चपला घालून गेला.

मंगळवारी सकाळी मी टॉवेल पाण्यात भिजवला आणि यांच्या डाव्या हाताला गुंडाळला. ओल्या हाताने स्पिन टाकता येत नाही, एवढं मलाही माहीत होतं. सुकत आला की पुन्हा भिजवायचा. आणि खरं सांगते, फरक पडला. घरघर थांबली. दुपारी त्यांनी दोन चमचे पेज घेतली. तुमच्या बाबांचा एअरपोर्टवरून फोन आला तेव्हा मी म्हणाले, “ये तू. बरे आहेत.”

बापू स्टुलावर बसून होता. टॉवेलकडे बघत नव्हता.

चहाच्या सुमाराला आजोबांनी डोळे उघडले.

“काढ.”

“अहो, श्री येतोय उद्या. निघालाय तो.”

“माहीताय.” बराच वेळ श्वास घेतला. “ओला... नको.”

“एकच दिवस. माझ्यासाठी.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. अंगणात उभे राहायचे तेव्हा त्यांचे डोळे असेच असायचे. मग म्हणाले, “तूही... पाणी मारलंस?”

मी बापूकडे पाहिलं. तो खाली मान घालून बसला होता.

त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांनीच त्यांचं पीच बिघडवलं होतं, आणि आता मीही त्यातलीच एक झाले होते.

मी टॉवेल सोडला. कोरड्या पंच्याने एकेक बोट पुसलं, बोटांच्या बेचक्यासुद्धा. हात उशीवर ठेवला आणि समोर बसले. तुम्हाला शपथेवर सांगते, माझी नजर त्या हातावरून ढळली नाही आणि तो हात हलला नाही. पण बोटाची कड माझ्या डोळ्यांदेखत लाल होत गेली.

बाहेर ऊन कलायला लागलं. बापू डोळे मिटून बसला होता, वाकडीतिकडी बोटं मांडीवर ओंजळीसारखी धरून. झोपला असं मला वाटलं. मग ‘थप्’ असा आवाज आला. एकदाच. बापूची ओंजळ मिटली होती.

“धरला,” तो हळूच म्हणाला.

मी यांच्याकडे वळले तोवर ते गेले होते. तोंड किंचित उघडं होतं, अंपायरकडे वळून काही मागताना उघडावं तसं.

बापूने ओंजळ उघडली. आत काहीच नव्हतं. तळव्यावर मात्र लाल गोल वण होता आणि त्यात बारीक टाक्यांची ओळ. त्याने कित्येक वर्षांत ग्लोव्हज घातले नव्हते.

“कोण होता रे बॅटिंगला?” मी विचारलं. का विचारलं, माहीत नाही.

“तोंड दिसलं न्हाय, वैनी. पर चांगला बॅट्समन हुता. पुढं खेळायला आला आन् चकला, कड लागली.” मग तो रडला. “टर्फवर चकला, वैनी.”

तुमचे बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचले. आदल्या दिवशी बरे होते म्हणालीस, मग अचानक काय झालं, असं त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं, टॉवेलचंही. ते आजोबांच्या हाताशी बसले, बोटं नाकाशी नेली आणि तशीच धरून राहिले. त्यावर आम्ही पुन्हा बोललो नाही. म्हणून ते अजून फोनवर माझ्याशी थोडं जपून बोलतात. तुम्हाला कारण माहीत असावं.

डॉक्टरांनी मृत्यूचं कारण लिहून दिलं आहे आणि ते बरोबर असणार. बोटाचं कारण कुणी दिलं नाही. मी पुष्कळ विचार केला, तर्क लावले, एकही टिकला नाही. बापूचा वण महिनाभराने गेला. पंचा मी दोनदा धुतला, गरम पाण्यातही घातला. बोटं पुसताना लागलेला लाल डाग आहे तसा आहे. कपाटात घडी करून ठेवला आहे. याल तेव्हा बघा.