मागच्या बाकावरची सरी

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही पुण्याहून बंगळूरला आलो. चर्चमध्ये मुलांचं उन्हाळी शिबिर पहिल्यांदाच भरणार होतं आणि मदतनीस जमवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मागच्या बाकावर बसणाऱ्या एका बाईंना मी हिंदीत विचारलं, गाणी शिकवाल का? त्यांनी पदराने चष्मा पुसला, मान डावी-उजवीकडे डोलावली आणि म्हणाल्या, "सरी." मला ऐकू आलं, सॉरी. मी म्हटलं, "रहने दो." पुढच्या रविवारी चित्रकलेचं विचारलं, मग नुसत्या सरबताचं. दर वेळी तोच चष्मा, तीच मान, तेच सॉरी. इतकी गोड नकारघंटा मी पुण्यातही ऐकली नव्हती.

शिबिराच्या सकाळी चाळीस मुलांपुढे मी एकटी. तेवढ्यात त्या दारात आल्या. एका हातात बाजाची पेटी, दुसऱ्या हातात सरबताची बादली, काखेत रंगखडू.

"अक्का," त्यांनी हळूच विचारलं, "मैं हाँ बोली, आप रहने दो क्यों बोले?"

कानडीत सरी म्हणजे ठीक आहे, हे तेव्हा कुठे मला उमगलं. मी ओशाळून म्हटलं, "सॉरी."

"सरी," त्या म्हणाल्या आणि पेटी उघडून बसल्या.

त्यांनी मला माफ केलं, की त्यांनाही भलतंच ऐकू आलं, ते मला अजून कळलेलं नाही.