मुटक्यांवरचं तेल

भिलाईचा कारखाना उभा राहत होता त्या वर्षांत मी रेल्वेच्या मालधक्क्यावर बाबू होतो. आम्ही नागपूरकडचे. क्वार्टरमागे कुडाचा गोठा करून माझ्या बायकोने एक गाय ठेवली होती.

आठवड्यातून एकदा ती तुरीची चुनी, कोंडा आणि कुटलेली ढेप, म्हणजे पेंड, शिजवायची, त्याचे मुटके वळायची आणि खाटेवर उन्हात वाळवायची. कडक झाले की डब्यात भरायची. रोज गाईपुढे ठेवायचे तेवढेच मुटके परातीत काढून त्यांवर गुळाचं पातळ पाणी शिंपडायचं, ते मुरू द्यायचं, मग जवसाचं तेल तळहातावर घेऊन हलकेच चोळायचं. शेजारी पुस्तक घेऊन बसलेला मी हे रोज पाहत होतो. म्हणजे खरं तर पाहत नव्हतो.

मग तिने अंथरूण धरलं. पोटात काही ठरेना. डॉक्टर म्हणाले, पचलं तर दूधच पचेल. गोठा माझ्याकडे आला.

मला वाटलं, शिजवतानाच गूळ आणि तेल घातलं तर रोजचं एक काम वाचेल. मुटके दिसायला चांगले झाले. गाईने हुंगले आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. नुसत्या कडब्यावर राहिली. चार दिवसांत चरवीत तळ झाकेल एवढंच दूध येऊ लागलं. मी बायकोला काही बोललो नाही. दुधात पाणी घालून पेला भरून दिला.

तिने एक घोट घेतला. "गाय उपाशी हाये का?"

मी सगळं सांगितलं.

"तेल शिजवलं तुमी?"

"एक काम वाचेल म्हणून."

"पुस्तक वाचताना अधली पानं सोडता का तुमी? मंग इथंच कावून?" ती थकून थांबली. "गाय नाकानं खाते. वास चुलीवरच उडाला, तिले काय सापडन?"

मी नव्याने मुटके केले. वाळल्यावर परात तिच्या खाटेजवळ नेली. तिला हात उचलवत नव्हता. ती नुसती सांगत होती. "पहिले पाणी. आता थांबा. घाई नका करू." बाहेर वाघिणी लागत होत्या, लाल धूळ दारातून आत येत होती. मी थांबलो. "बोटाले चिकटते का? नाही न? आता तेल."

त्या संध्याकाळी गाईने घमेलं चाटून पुसलं. दूध हळूहळू वाढलं. पाचव्या सकाळी मी पाणी न घालता पेला भरून नेला. तिने आधी माझा हात ओढून हुंगला.

"जमलं तुमाले," ती म्हणाली. मग दोन घोट घेतले आणि पेला परत दिला. तिला तेवढंच जात होतं.

ती गेली तेव्हा गाय भरपूर दूध देत होती. मी चरवी भरून घरात आणायचो आणि ओट्याशी नुसता उभा राहायचो.

महिन्याभराने जवळच्या कोहका गावचा गवळी गाय न्यायला आला. पाणी आधी, मग थांबायचं, मग तेल, हे मी त्याला दोनदा सांगितलं.

"अतका कोन करही, बाबूजी?" तो म्हणाला. एवढं कोण करणार.

मी उरलेले मुटके त्याच्या गोणीत घातले, तेलाची बाटली फडक्यात गुंडाळून वर ठेवली आणि दावं सोडलं.