सगळ्यांचा एकच पासवर्ड

हल्ली साहेब लोकांना सायबर सुरक्षेचं भविष्य समजावून सांगायला मला बोलावतात. एसी हॉल, काजूच्या बश्या, पुढच्या रांगेत कंपन्यांचे मालक आणि सरकारी अधिकारी. "मॅडम, पुढच्या दहा वर्षांत धोका कुठून येईल?" असं कुणी विचारलं की माझा जीव वरखाली होतो. कुठून यायचाय? तुम्हीच मोठ्या मनानं दार उघडं टाकता, तिथूनच! पण हे तोंडावर कसं बोलणार?

मी ते भोगलंय. दोन हजार सालानंतरची गोष्ट. नारायणगावात कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि बोरी बुद्रुकजवळच्या एका दूध संस्थेत ऑपरेटर म्हणून लागले. सभासदांची यादी कॉम्प्युटरवर चढवायचं माझं काम. संस्थेच्या निवडणुकीत मतदान त्याच यादीवर. पहिल्याच आठवड्यात मी म्हटलं, प्रत्येकाला वेगळा पासवर्ड देऊ. सातही संचालक समोर बसलेले. अध्यक्ष खो खो हसले.

"आगं पोरी, ही समदी घरची माणसं. त्यांच्यापासनं काय लपवायचं? माझाच दे सगळ्यांना."

आणि स्वतःच मोठ्यानं सांगून टाकला. कुलदैवताचं नाव, न सांगताही अख्ख्या गावाला ओळखता आलं असतं. मी मशीनमध्ये नावं प्रत्येकाची वेगळी ठेवली, पण पासवर्ड सगळ्यांना तोच लावून दिला. माझंच चुकलं, तेव्हाच भांडायला हवं होतं.

खंडेनवमीला कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं, की-बोर्डवर झेंडू ठेवला, पेढे वाटले. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, म्हणून मशीन बंद करून सगळे घरी गेलो. ऑफिसची किल्ली रोजच्यासारखी समोरच्या मारवाडी शेठजींच्या दुकानात.

दसऱ्यानंतर यादी छापली, तर विरोधी पॅनेलची माणसं गायब. एक-दोन नाही, वाडीच्या वाडी! जुन्या रजिस्टरवरून नावं परत चढवली, तो प्रश्न मिटला. पण केलं कुणी?

"दुसऱ्या कुणाला येतंय यातलं? कॉम्प्युटर चालवतंय कोण?" एक संचालक म्हणाला. सगळे माझ्याकडं बघायला लागले. अंगाची नुसती लाही झाली. कुणाच्या नावानं कधी काम झालं, ती मशीनमधली नोंद मी तिथल्या तिथं उघडली. खंडेनवमीची दुपार, आणि पुढं नाव: अध्यक्ष.

"हे तुमच्या नावानं झालंय," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा उतरला. "मी तर लेकीच्या गावी, मढला गेलो व्हतो! आन् माझा पासवर्ड तर समद्यांना…" शेठजींना विचारलं, तर म्हणाले, "किल्ली तुमचीच माणसं नेतात. मी कुणाकुणाला नाही म्हणू?"

झालं. अध्यक्ष सुटले, संचालकही सुटले. कुणी केलं ते सांगताच येईना. पण मी केलं नाही, हेही आता कुणी सांगू शकत नव्हतं. दुसऱ्याच दिवशी प्रत्येकाला वेगळा पासवर्ड मिळाला. अध्यक्ष तर पंज्याआड लपवून टाइप करायला लागले, वा रे वा! मला मात्र जेवण जाईना. बसस्टॉपवर दोन बाया हळू बोलल्या तरी वाटायचं, माझंच चाललंय.

आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, अध्यक्षांच्या पॅनेलचे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते गोठ्यात धार काढत होते. मी वैरण टाकायला गेले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "मी कुणाला बोलणार न्हाई. आपल्या पॅनेलसाठी तूच केलंस का गं?"

"नाही, आण्णा."

"बरं," म्हणाले, आणि धार काढत राहिले.

आण्णा जाऊन आता सहा वर्षं झाली. त्यांना पटलं होतं का, हे विचारायची माझी शेवटपर्यंत हिंमत झाली नाही.