तौलिया, टॉवेल आणि नसीमआपा

दुपारी नांदेडला भाजी निवडत बसले होते, तेव्हा लातूरहून फोन आला. नसीमआपांची सून शबाना एवढंच म्हणाली, "अम्मी गुजर गए... तुम्ही येता का?" अंगावरच्या साडीनिशी मी बस धरली. त्याला आता महिना उलटला. लिहायला बसते आणि थकून उठते.

आपा आणि मी लातूरच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायचो. त्यांना शब्दांची कुळं शोधायचा भारी नाद. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर आम्ही दोघी पत्र्याच्या शेडांत राहणाऱ्या लोकांसाठी कपडे, साबण घेऊन गेलो होतो. तिथं एक लहान मुलगी कुणाला डोक्याला हात लावू देत नव्हती. पडलेल्या घराची माती केसांत तशीच. आई गेलेली. आपा तिच्याशेजारी मांडी घालून बसल्या.

"माझ्या हातात काय हाय?"

"टावेल."

"आमच्या घरी तौलिया म्हणतात. दोघी बहिणी हायत या."

मग त्या सांगत गेल्या... फार जुन्या काळी, जर्मन लोकांच्या पूर्वजांत, धुण्याला एक शब्द होता. त्यावरून अंग पुसायच्या फडक्याला नाव पडलं. ते फ्रान्सकडून इंग्रजांकडे गेलं, तो टॉवेल. पोर्तुगीजांच्या जहाजातून आपल्याकडं उतरलं, तो तौलिया.

"अन् त्यांची आई?" पोरीनं विचारलं.

आपा थबकल्या. "तो धुण्याचा शब्द? इंग्रजीतनं गेला तो. पण लांब एका बर्फाच्या बेटावर लोक अजून तोच बोलतात."

पोरीनं टॉवेलचं टोक हातात धरून बघितलं. मग तिनंच डोकं पुढं केलं. परतताना जीपमध्ये आपांच्या डोळ्यांना धार लागली. "आपली आईबी कुठंतरी हाय, असं तर वाटलं नसंल ना गं तिला?"

पुढं लातुरात क्लासचं पेव फुटलं. पोरं कॉलेजात नावापुरती, दिवसभर क्लासमध्ये. "मॅडम, नुसती हजेरी लावा," प्राचार्य म्हणाले. आपा तरी तयारी करून वर्गात जायच्या. समोर दोन-तीन पोरं असली तरी पूर्ण तास घ्यायच्या. एकदा वर्गात कुणीच नव्हतं. त्या खुर्चीत बसून राहिल्या. "थकले गं," म्हणाल्या. तो थकवा निवृत्तीनंतरही उतरला नाही.

त्या दिवशी लातूरच्या घरी बायका त्यांना शेवटची आंघोळ घालत होत्या. मी दाराशी घुटमळत होते. शबाना म्हणाली, "आंटी, पानी भरून देता?" मी कोमट पाणी भरभरून देत राहिले.

परवा कुलूप लावताना मनात आलं, चावी हा शब्द कुठला? सवयीनं आपांच्या घरी फोन लावला. शबानानं उचलला. मी तिलाच तो प्रश्न विचारला.

"मालूम नही, आंटी," ती म्हणाली. "पण तुम्ही बोला... मी ऐकून राहिले."