सरकारी स्टेपनी जाळली त्याची गोष्ट

रेडिएटरमधून चार बारीक धारा लागल्या होत्या आणि गाडीत मागं हवालदार शिंदे रक्तबंबाळ पडला होता. एकाहत्तरच्या लढाईत, पूर्वेच्या आघाडीवर, मी रेशनची गाडी चालवायचो. जाताना शिधा पोचवायचा, येताना जखमी आणायचे. डॉक्टरांचा तंबू अजून तीन मैल होता आणि रस्ता म्हणजे भाताच्या खाचरांमधला उघडा बांध.

पहिला गोळा गाडीच्या पलीकडं पडला, दुसरा अलीकडं. त्याच्याच कपच्यांनी रेडिएटर फोडला. तोफखान्यात याला ब्रॅकेट म्हणतात. एक लांब, एक जवळ, मग पुढचा नेमका मधे. कुणीतरी लांबून दुर्बिणीनं बघून अंतर सांगत असतो.

"बाबालाल, गाडी हलीव की!" आनंदा ओरडला. तो आमचा स्ट्रेचरवाला. शिंदेच्या मांडीवरची जखम त्यानं दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरली होती.

"पाणी न्हाय. इंजिन जाम हुईल."

"मग कायतरी कर! मी हात काढला की ह्यो गेला."

मी भ्यालो होतो. खोटं कशाला सांगू? पण त्या दुर्बिणीवाल्याला काय बघायचंय, ते डोक्यात आलं. त्याला जळती गाडी बघायची होती. दाखवू की!

स्टेपनी काढली. एका हातात पेट्रोलचा कॅन, दुसऱ्या हातानं चाक ढकलत खाचरात पळालो. वारा दुश्मनाकडनं आमच्याकडं येत होता, म्हणून त्याच्याच दिशेनं पंधरा पावलं नेऊन पेटवली. तेवढ्यात तिसरा गोळा बांधामागं फुटला. मी ढेकळांत तोंड खुपसून पडलो. अल्लाची मेहरबानी, दुसरं काय! उठलो तेव्हा काळा धूर गाडीवर आडवा झाला होता. चौथा गोळा आला नाही. गाडी खलास, असं त्यांनी धरलं असणार.

फौजेत यायच्या आधी मी बिद्रीकडं उसाचा ट्रक चालवायचो. तिथं रेडिएटर गळायला लागला की आम्ही हळद टाकायचो. गरम पाण्यात ती फुगते आणि बारीक भोकात जाऊन बसते. रेशनमधली दोन मुठी हळद टाकली, तिघांच्या बाटल्यांतलं पाणी ओतलं. शिंदेनं आपली बाटली स्वतः पुढं केली.

"मला नगं. तिला पाज," म्हणाला.

धारांचे थेंब झाले. तेवढ्यावर तीन मैल काढले.

आठवड्यानं सुभेदारसाहेबांनी मला उभं केलं.

"स्टेपनी किधर है?"

"जला दी, साब."

"सरकारी माल है! लिखके दो. गवाह के साथ."

साक्षीदार म्हणून शिंदेची सही लागत होती. आनंदा पलटणीबरोबर पुढं गेला होता. कागद घेऊन हॉस्पिटलात गेलो. शिंदेनं तो दोनदा वाचला, सही केली आणि खाली स्वतःच्या हातानं लिहिलं, 'स्टेपनीच्या बदल्यात मी हजर आहे.'

साहेबांनी कागद वाचला. शिक्का मारला.

आता मी शिरोलीच्या कारखान्यांचा माल वाहतो. नव्या ड्रायव्हरला पहिल्या दिवशी सांगतो, गाडी काढायच्या आधी स्टेपनी बघून घे. निव्वळ पंक्चरसाठी नसती ती.